जालना आणि लातूर, दोन्हीकडे १९२.१६८.१: टनेलमध्ये नॅट कसं लावायचं

नमस्कार मंडळी. दोन गावांची नेटवर्कं इंटरनेटवरून जोडणारा व्हीपीएन टनेल हिरवा दिसतोय, दोन्ही फायरवॉल ‘कनेक्टेड’ म्हणतायत, तरी जालन्याच्या ऑफिसातून लातूरच्या डाळ मिलचा बिलिंग सर्व्हर उघडत नाही. मी यात अख्खी रात्र घालवली आहे, टनेलचा पासवर्ड परत परत तपासत. बिघाड टनेलमध्ये नव्हताच.

दोन्हीकडे राऊटर खोक्यातून काढला तसाच लावलेला. म्हणून दोन्हीकडे १९२.१६८.१.०/२४, म्हणजे १९२.१६८.१ नं सुरू होणारे सगळे पत्ते. हे खाजगी पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्रानं सगळ्यांनाच मोकळे ठेवलेत, त्यामुळे अशी टक्कर नेहमीची.

आता नीट बघा. ट्रान्सपोर्टवाल्याला नुसतं ‘पिंपळगावला माल टाका’ म्हटलं, तर तो विचारतो, कोणतं? पिंपळगाव रेणुकाई, का दुसरं? कॉम्प्युटर विचारत नाही. लातूरच्या सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.२० म्हटलं की तो आपल्याच ऑफिसात हाका मारत बसतो. पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, फायरवॉलपर्यंत जातच नाही!

म्हणून टनेलपुरते दोघांनाही वेगळे पत्ते द्यायचे. जालना १०.५०.१.०/२४, लातूर १०.६०.१.०/२४. एकास एक नॅट, म्हणजे वाटेत पत्ता बदलायचा, शेवटचा आकडा तोच. जालन्याचा माणूस १०.६०.१.२० टाकतो. जालन्याची फायरवॉल पाठवणाऱ्याचा १९२.१६८.१.१५ बदलून १०.५०.१.१५ करते. लातूरची फायरवॉल १०.६०.१.२० चा परत १९२.१६८.१.२० करते. उत्तर येताना हेच उलट.

टनेलमधून कोणते पत्ते जातील ते जिथं लिहायचं, त्या फेज टूमध्ये लोक मूळ पत्ते लिहितात आणि तिथंच अडकतात. लिनक्सवर पत्ता आधी बदलतो, टनेल चालवणाऱ्या आयपीसेकची पॉलिसी त्यानंतर जुळवली जाते. तेव्हा तिथं नवेच पत्ते हवेत. पीएफसेन्स या फायरवॉलमध्ये मात्र मूळ नेटवर्क वर लिहायचं, नॅटचा पत्ता त्याच्याच खालच्या रकान्यात.

नियमांचा क्रमही बघा. इंटरनेटवर जाताना सगळ्यांना फायरवॉलचाच पत्ता लावणारा मास्करेड नियम वर असेल तर तोच आधी लागतो. आपला नियम त्याच्या वर घ्या.

आणि तपासताना चालू पिंग आधी थांबवा, चालू कनेक्शनच्या नोंदींचं स्टेट टेबल पुसा. नॅटचा नियम कनेक्शनच्या पहिल्याच पॅकेटला बघितला जातो, पुढची पॅकेटं जुन्या नोंदीवरच जातात. मग लातूरच्या सर्व्हरवर येणारी पॅकेटं दाखवणारा टीसीपीडंप लावा. तिथं १०.५०.१.१५ दिसला, आणि सर्व्हरचा गेटवे तीच फायरवॉल असेल, तर जालन्याला फोन करून सांगा, बिलिंग उघडा.