पत्रा कापण्याआधी

(लेझर मशीन, ठिणग्या जवळून)

भोसरी एमआयडीसी, पहिली पाळी. टेबलावर चढलेला हा पत्रा २५०० बाय १२५० मिलिमीटर, जाडी ३.१५. वजन सुमारे ७७ किलो. पोकलेनचे दरवाजे, बॅटरी बॉक्सची झाकणं, ब्रॅकेट, सगळं अशाच पत्र्यांतून निघतं.

(भाग काढून घेतल्यावर उरलेली जाळी)

आणि ही उरलेली जाळी. आली पत्र्याच्या भावाने, जाणार भंगाराच्या भावाने. ऑपरेटरने कितीही जीव लावला तरी ती किती उरणार हे बरंचसं आधीच, ड्रॉइंगवर ठरलेलं असतं.

एका झाकणाचा सपाट पत्रा ४३० मिलिमीटर रुंद आहे असं धरा. १२५० मध्ये दोनच बसतात, कडेला ३९० ची पट्टी वाया. आता दोन्ही कडांची घडी ३० ऐवजी २० मिलिमीटर करा. रुंदी ४१० होते आणि मधल्या फटी सोडूनही तीन झाकणं बसतात! त्या घडीत बोल्ट नव्हता, भार नव्हता. मग जादा १० मिलिमीटर कशासाठी होते?

(संगणकाचा पडदा, नेस्टिंग म्हणजे पत्र्यावर भागांची मांडणी)

पोकलेनच्या बूमच्या, म्हणजे मोठ्या हाताच्या, बाजूच्या प्लेटा केळ्यासारख्या वाकड्या. एकीच्या पोटात दुसरी बसवायची, उरलेल्या जागेत छोटे गसेट, म्हणजे कोपऱ्यांना आधार देणारे तुकडे. पण भाग हवे तसे फिरवता येत नाहीत. पत्रा ज्या दिशेने रोल झाला त्याला समांतर घडी घातली, तर जास्त ताकदीच्या जाड प्लेटला बाहेरच्या अंगाने तडा जाऊ शकतो. रोलची दिशा दाखवणारा खडूचा हा बाण त्यासाठीच.

(प्रेस ब्रेक, पत्र्याला घडी घालणारं मशीन)

झाकणाची जाडी ४ वरून ३.१५ केली की वजन २१ टक्के उतरतं. ताठपणा मात्र निम्म्यावर येतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. तो भरून काढायचा घडीतून, पत्र्यात दाबून उठवलेल्या रेघांतून. वेल्डिंगने लावायची पट्टीही मग वाचते. भार पेलणाऱ्या प्लेटांची जाडी मात्र अशी उतरवायची नाही.

(तुकड्यांचा रॅक)

मोठे तुकडे भंगारात जात नाहीत. प्रत्येकावर जाडी, ग्रेड म्हणजे पोलादाचा प्रकार, आणि हीट नंबर, म्हणजे पोलाद कोणत्या ओतीतलं त्याचा नंबर. नंबर पुसला गेला तर चांगला तुकडाही बाद, कारण ग्रेडची खात्री उरत नाही.

असं केलं की पत्र्याची खरेदी घटते, कोटेशन उतरतं. नवं ड्रॉइंग इथे मंजुरीआधी नेस्टिंग करणाऱ्याच्या टेबलावर येतं.