अलर्ट, माग आणि आरएसएस फीड्स

नमस्कार. मगाशी ओळख करून देताना सरांनी मला हॅकर म्हटलं, ते आधी खोडतो, मी हॅकर बिकर काही नाही, कंपन्यांच्या कॉम्प्युटरमध्ये कुणी घुसतंय का यावर लक्ष ठेवायला शिफ्टवर बसणारा माणूस आहे. रात्री दहा ते सकाळी सहा, समोर दोन स्क्रीन, अलर्ट येत राहतात आणि त्यातले बहुतेक फुसके निघतात. विंडोजमध्ये लॉगिन फेल झालं की ४६२५ नंबरची नोंद पडते, झालं की ४६२४. एकाच अकाउंटच्या शेकडो ४६२५ दिसल्या की नवा पोरगा घाबरून सगळ्यांना उठवतो, आणि सकाळी कळतं की कुणीतरी पासवर्ड बदलला पण आपोआप चालणाऱ्या बॅकअपमध्ये जुनाच राहिलाय. मी पण उठवलंय हो, लपवत नाही. पण शेकडो ४६२५ आणि मागोमाग एकच ४६२४, म्हणजे कुणाला तरी पासवर्ड सापडला असेल, तर मात्र चहा बाजूला ठेवून सरळ बसायचं.

माझे वडील इथं सोलापुरात, पूर्व भागात एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग नीट चालते ठेवणारे. त्या खटखटीत मला स्वतःचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि ते डबा खाता खाता म्हणायचे, तिसऱ्या मागाचा आवाज बदललाय. जाऊन बघितलं तर खरंच. माझं काम तेच.

इथल्याच एका टॉवेल एक्सपोर्टवाल्यांचं सांगतो. परदेशातलं गिऱ्हाईक म्हणतंय पैसे भरले, यांच्याकडे रुपया नाही, महिनाभर दोघं एकमेकांवर चिडलेले. मी मेलबॉक्स बघितला, अँटिव्हायरस हिरवागार. मग रूल्स, म्हणजे आलेला मेल आपोआप कुठं टाकायचा त्या सूचना, उघडले तर एक रूल, नावाच्या जागी नुसतं टिंब: मेलमध्ये 'इन्व्हॉइस' किंवा 'बँक' आलं की तो 'आरएसएस फीड्स' फोल्डरमध्ये टाका आणि वाचलेला दाखवा. हसू नका, आउटलुकमध्ये या नावाचा फोल्डर असतो खरंच, कोणी बघत नाही म्हणून तर चोर तिथं लपवतो. आत गिऱ्हाइकाचे सात मेल, चोरानं कळवलेला नवीन अकाउंट नंबर बरोबर आहे ना म्हणून विचारणारे, आणि शेठच्या नावानं उत्तरं चोरानंच दिलेली! पासवर्ड गेला खोट्या लॉगिन पानावर, आणि ओटीपी बंद ठेवलेला, का, तर कटकट होते.

मोठ्यांचंही होतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, आणि सुरुवात शनिवारी. सुट्टी बघूनच मारतात, म्हणून आमच्या शिफ्टा.

आणि कुणाचे पैसे असे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, पोलीस स्टेशन शोधत बसू नका, पैसा खात्याखात्यांतून पुढं सरकायच्या आत होल्ड लागला तरच हाती लागतो. सोलापूरकराला हा आकडा पाठ करायला नको, मार्शल लॉचं साल आहे.

ते टॉवेलवाले शेठ आता दर सोमवारी रूल्सच्या पानाचा स्क्रीनशॉट मला व्हॉट्सअॅपवर टाकतात, खाली लिहितात, 'रिकामं.' जानेवारीत एका सोमवारी आला नाही म्हणून मीच फोन लावला. गड्ड्याच्या जत्रेत होते, नातवाला पाळण्यात बसवत होते.