सात माणसं आणि एक यंत्र

नमस्कार श्रोतेहो. विद्यापीठात नीतीसाठी अख्खी संस्था कशाला हवी, असं परवा एका मित्रानं विचारलं. मी त्याला सिएटलची गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

डायलिसिस आज सगळ्यांना माहीत आहे. पण पूर्वी दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. वाहिन्या संपल्या की उपचार संपले. 1960 मध्ये अमेरिकेतल्या सिएटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी रोग्याच्या हातातच बसवून ठेवली. आता तोच माणूस वर्षानुवर्षं यंत्रावर जगू शकत होता. यंत्रं मोजकी, रोगी पुष्कळ. पंचेचाळिशीच्या पुढचे आणि लहान मुलं डॉक्टरांनी आधीच वगळली. उरलेल्यांतून निवड करायला समिती बसली. सात माणसं. वकील, धर्मगुरू, बँकवाला, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि एक सर्जन. हो, सातच. नावं गुप्त. समोर कागद: लग्न झालंय का, मुलं किती, मिळकत किती, शिक्षण काय, चर्चमध्ये जातो का? त्यावरून ठरायचं, यंत्र कोणाला.

समित्यांबद्दल माझं जुनं मत आहे. इतिवृत्तात ठराव येतो, सूचक-अनुमोदक येतात. त्या रात्री कोणाला झोप लागली नाही, हे कधीच येत नाही. असो.

1962 च्या नोव्हेंबरात ‘लाइफ’ साप्ताहिकानं हे छापलं आणि गहजब झाला. एकट्या, बिनमुलाबाळांच्या माणसाचा जीव स्वस्त का? दहा वर्षांनी, 1972 मध्ये, कायदा झाला आणि बहुतेकांच्या डायलिसिसचा खर्च सरकारनं उचलला. तोवर, 1971 मध्ये, वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठात केनेडी नीतिशास्त्र संस्था उभी राहिली होती. तिथल्याच बीचम आणि चाइल्ड्रेस या अभ्यासकांच्या 1979 च्या पुस्तकातली चार तत्त्वं आज वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी शिकतात: रोग्याची मर्जी, अपाय न करणं, हित साधणं आणि न्याय. चारच, पण एक दुसऱ्याशी भांडतं, तिथं संस्थेचं खरं काम.

याच चाइल्ड्रेस यांनी 1970 मध्ये लिहिलं होतं: वैद्यकीय चाळणीनंतर उरलेल्यांची लायकी मोजू नका, चिठ्ठ्या टाका. मित्र म्हणाला, चिठ्ठ्याच टाकायच्या तर विद्यापीठ कशाला? मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात त्यानं माझं वय विचारलं. आम्ही दोघंही पंचेचाळिशी कधीच ओलांडलेली.

नमस्कार.