जुना मदरबोर्ड काट्यावर चढवू नका

मंडळी, नमस्कार. निमंत्रणावर विषय छापलाय, 'जुने कॉम्प्युटर गेम्स आणि सुटे भाग यांची खरेदी'. त्याकडे येतोच. पण आधी एक गाऱ्हाणं ऐका, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एखादं ऑफिस हललं की जुनी यंत्रं भंगारात निघतात. तिथल्याच एका भंगारवाल्यांच्या गाळ्यात गोणीभर मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचे मुख्य सर्किट बोर्ड, पाहिले. वरचाच ४८६ या जुन्या प्रोसेसरचा, कार्डं खोचायचे काळे लांब आयएसए स्लॉट, चिप जागच्या जागी. मी म्हटलं, "दादा, एवढा एक द्या." ते म्हणाले, "सुटा नाही देत साहेब. गोणीचा सौदा झालाय, सोनंवाले नेणार." दुप्पट देतो म्हटलं, तरी नाही. शब्द दिलेला होता, आणि धंद्यात शब्द पाळावाच लागतो, त्यांचं काही चुकलं नाही.

सोनं म्हणजे काय, तर चिपच्या पिनांवरचा आणि कार्डांच्या कडेचा पातळ मुलामा. जुन्या सिरॅमिक चिपांत ते जास्त. १९९५ चा पेंटियम प्रो हा प्रोसेसर तर त्यासाठीच शोधतात. उघड्यावर ॲसिडमध्ये बुडवून सोनं काढतात, ॲसिड गटारात जातं आणि काढणाऱ्याच्या फुप्फुसात धूर. चालू स्थितीतला बोर्डही त्यात जातो, कारण काट्यावर चालू आणि बंद यांचं वजन सारखंच भरतं. मागच्या रांगेतले हसताहेत, पण तुमच्या माळ्यावरचा पीसी कुठे गेला, आठवा बरं!

आपल्याकडे १९८४ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' योजना आणली आणि शाळाशाळांत बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर बसवले. आपल्यापैकी कितीजणांनी बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेतली पहिली ओळ त्यावर लिहिली असेल! आज त्यातलं एखादं यंत्र जागं करायचं, तर सुटा भाग मिळायला हवा, आणि तो गोणीत गेलेला असतो. कायद्यात वाव आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत रीसायकलरसोबत रिफर्बिशरचीही, म्हणजे जुनं यंत्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्याचीही, नोंदणी आहे. म्हणजे तोडण्याआधी दुरुस्तीचा विचार नियमालाही मान्य आहे. माझी मागणी साधी आहे: ठाण्यात कुठल्यातरी वाचनालयाने एक कपाट द्यावं. बोर्ड, रॅम, फ्लॉपी ड्राइव्ह, जे निघेल ते तिथे ठेवा, लागेल त्याने न्यावं.

दहाच मिनिटं उरली म्हणताय? बरं, मग खरेदी.

मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला जा किंवा भंगारात, बोर्ड हातात आला की चालतो का हे नंतर विचारा, आधी बॅटरी बघा. २८६, ३८६, ४८६ या जुन्या प्रोसेसरांच्या बोर्डांवर बहुधा कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळ्या किंवा हिरव्या वेष्टणातली, पिंपासारखी ३.६ व्होल्टची बॅटरी असते. ती बंद कपाटातही गळते. सभोवती हिरवी-निळी बुरशी दिसली, तर बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा कुठवर खाल्ल्यात ते नखाने पाहा. चिपचे पाय काळे पडले असतील तर भाव पाडा किंवा सोडून द्या. घ्यायचाच असेल तर घरी येताच बॅटरी कापून काढा. गळलेलं रसायन अल्कली असतं, म्हणून टूथब्रशने व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. जुना एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, थेट प्लगला लावू नका. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधले पारदर्शक पिवळे कॅपॅसिटर तडकतात आणि वीज देताच खोलीभर धूर होतो, ते आधी बदला. फ्लॉपी ड्राइव्ह मिळाली नाही तर तिच्या जागी गोटेक नावाचं उपकरण बसवा, पेन ड्राइव्हवर काम भागतं.

गेम घेताना डब्यात मॅन्युअल आहे का, हे पाहाच. जॉर्डन मेकनरचा १९८९ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आपण सगळ्यांनी कॉपी केलेल्या फ्लॉपीवर खेळलो. पीसीवरच्या डॉस आवृत्तीत मध्येच बाटल्यांची खोली यायची: मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर ओळखा, तीच बाटली प्या. पुस्तिका कुणाकडे होती? फ्लॉपीची प्रत निघते, पुस्तिकेची सहसा कुणी काढत नसे. म्हणून नुसत्या डिस्कपेक्षा पुस्तिकेसह असलेला फाटका डबा मी जास्त पैसे देऊन घेतो.

तुमच्याकडे अशी पुस्तिका असेल, तर आता चहाच्या वेळी मला गाठा. स्कॅन करून मूळ प्रत तुम्हाला परत देईन.