सकाळी समुद्र चांगला, सकाळी हात वाईट: संधिवात, दोन पोरं आणि कयाक

(घराची मागची पडवी. मागे माडांमधून कार्लीची खाडी दिसते. हातात स्टीलचा डबा.)

हा माझ्या लेकीचा शाळेचा डबा. क्लिपवाला नाही, दाबून बसणाऱ्या झाकणाचा. सकाळी उठल्यावर हे झाकण मला दोन हातांनी उघडता आलं, तर मी त्या दिवशी कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी, घेऊन पाण्यात जाते. नाही उघडलं तर जात नाही. त्यावर वाद नाही, चर्चा नाही.

नमस्कार मंडळी. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. मराठीत ‘संधिवात’ म्हटलं की सगळ्यांना आजीचे गुडघे आठवतात. ती झीज. माझं प्रकरण वेगळं. शरीराची संरक्षण यंत्रणाच घरच्या माणसाला चोर समजून सांध्याच्या आतल्या अस्तरावर तुटून पडते. सांधे सुजतात, आणि वेळेवर औषध नाही मिळालं तर वाकडे होतात. पुरुषांपेक्षा बायकांना हे दोन ते तीन पट जास्त होतं, आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत सुरू होण्याचं प्रमाणही बरंच असतं. माझं तसंच झालं. लेक तीन महिन्यांची होती. तिच्या झबल्याची बटणं लागेनात. सगळे म्हणाले, बाळंतपणाचा वात आहे, शेक घे. शेक घेण्यात आठ महिने गेले.

आज लेक सहा वर्षांची आहे, धाकटा अडीच वर्षांचा. आणि मी मालवणजवळच्या देवबागला राहते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये आमची घरं. इथे राहून पाण्यात जायचं नाही म्हणजे हलवायाच्या घरी मधुमेह.

आता खरी अडचण सांगते. ती दुखण्याची नाही, ती घड्याळाची आहे.

कयाकला समुद्र लागतो सकाळचा. रात्री जमीन पाण्याआधी गार होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शाळेत भूगोलात शिकलो ते मतलई वारे. तेव्हा पाणी ताटासारखं सपाट असतं. अकराच्या पुढे जमीन तापते, वारा उलटतो, खारे वारे सुटतात आणि पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागतात. माझे सासरे आयुष्यभर रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, गेलेले. ते मला रोज एकच वाक्य सांगतात, ‘वारो सुटाच्या आदी घराक ये गो.’

आणि माझे हात? सकाळी उठते तेव्हा बोटं लाकडाची असतात. सांधे आखडणं हे या आजाराचं लक्षणच आहे, आणि ते पाच-दहा मिनिटांत जात नाही. माझं बऱ्या दिवशी पाऊण तास चालतं, वाईट दिवशी दोन तास. म्हणजे समुद्र सहा ते अकरा उघडा, मी साडेआठनंतर उघडी, आणि धाकटा सव्वासहाला ‘आई’ म्हणून उभा.

तर मी काय करते? धाकट्याला अंघोळ घालते. हसू नका. कोमट तेल, कोमट पाणी, त्यात माझे हात वीस मिनिटं. मूल न्हाऊन निघतं आणि माझी बोटं सुटतात. फिजिओथेरपिस्टनी सांगितलं होतं, सकाळी गरम पाण्यात हात बुडवून हळूहळू मूठ उघडा-मिटा. दोन पोरांच्या घरात बादलीसमोर बसायला सवड कोणाला? हे असं जमलं.

(भिंतीवरचं कालनिर्णय काढून कॅमेऱ्यासमोर धरते.)

दुसरी गोष्ट हे. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. एकादशी, म्हणजे अकराची पाऊणपट सव्वाआठ. त्या दिवशी पूर्ण भरती साधारण सव्वाआठला. द्वादशीला नऊ. त्रयोदशीला पावणेदहा. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीत आत जाल तसं पाणी आणखी उशिरा चढतं. निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघायचंच. पण महिन्याचे कोणते दिवस माझे, हे मला भिंतीवरूनच कळतं.

कारण माझ्या मनगटात जे बळ नाही, ते पाण्यात आहे. त्रयोदशीला साडेआठला खाडीत उतरले तर चढतं पाणी मला आत नेतं. मी फक्त दिशा देते. पावणेदहा-दहाला पाणी थबकतं, तिथे कांदळवनाच्या कडेला पाणी प्यायचं, बोटं झटकायची, आणि सुकती, म्हणजे उतरतं पाणी, लागली की तीच मला घरी आणते. अंतर चार-पाच किलोमीटर, मेहनत निम्म्याची. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, आमच्याकडे त्याच्या निम्मंच. तरी कयाकला तेवढा ओढा पुरतो.

संगमाबाहेर समुद्रात जायचं असेल तर हाच हिशोब उलटा. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. सुकतीचं पाणी बाहेर धावत असतं आणि समोरून लाट येते, दोघं भिडले की लाट उभी राहते आणि फुटते. तिथे सुकतीच्या जोरात सापडायचं नाही. म्हणून समुद्रासाठी मी तृतीया-चतुर्थी बघते: सकाळी साडेआठ-नऊला ओहोटी पूर्ण, पाणी थांबलेलं, तेव्हा बाहेर पडायचं, पलीकडच्या भोगवे गावाच्या दिशेने पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, धरून जायचं, आणि भरती लागली की तिच्याबरोबर आत. आणि एक लक्षात ठेवा, मतलई वारा मायाळू वाटतो, पण तो तुम्हाला किनाऱ्यापासून लांब ढकलत असतो. जाताना वाटतं, वा, आज काय हात चालतायत! हात नाही, वारा चालतोय. परतताना त्याचं व्याज द्यावं लागतं. मी किनाऱ्यापासून दोनशे मीटरच्या पलीकडे एकटी जात नाही. हा माझा नियम, पुस्तकातला नाही.

(वल्हं हातात घेते.)

आता वल्हं. पहिलं होतं ॲल्युमिनियमच्या दांडीचं, सव्वा किलो. हे कार्बनचं, साडेसातशे ग्रॅम. फरक अर्धा किलोचा. मिनिटाला तीस वेळा वल्हं मारलं तर तासाला अठराशे वेळा. अठराशे गुणिले अर्धा किलो. तासाला नऊशे किलो मी उगाच उचलत होते! पैसे वाचवायचे असतील तर होडीत वाचवा, जुनी घ्या, वल्ह्यात वाचवू नका.

दांडीवर हे काय आहे? क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिप. एकावर एक, दोन चढवल्या आहेत. दांडी जाड झाली की मूठ घट्ट आवळावी लागत नाही. आपल्या बोटांच्या मुळाशी जे सांधे आहेत ना, हे, त्यांना आवळून धरणं सगळ्यात वाईट. मी वरच्या हाताची बोटं चक्क उघडी ठेवते, तळव्याने ढकलते. दोन्ही पाती एका रेषेत लावते. बरेच लोक ती एकमेकांना तिरकी लावतात, वाऱ्यात ते बरं पडतं, पण मग प्रत्येक फेरीला मनगट पिळावं लागतं. हात खांद्याच्या खाली, आणि जोर कमरेतून. जात्यावर दळताना बाई कशी कमरेतून फिरते, तसं.

ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांचं वल्हंही मी वापरून बघितलं. कयाक त्यांचीच, शिकारीची होडी. त्यांच्या वल्ह्याची पाती लांब आणि एकदम अरुंद. ते पाण्याला झटक्यात पकडत नाही, त्यामुळे सांध्याला हिसका बसत नाही. इथल्या सुताराकडून शिवणीच्या लाकडाचं करून घेतलं. त्याने विचारलं, वहिनी, हे काय, लापशी ढवळायला?

आता एक गोष्ट, जी मला कॅमेऱ्यावर बोलायची नव्हती. आमच्या नात्यातल्या एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘भाकरी थापायला हात दुखतात, आणि वल्ही मारायला बरे चालतात!’

मला खूप लागलं. रात्री रडलेसुद्धा. पण नंतर वाटलं, प्रश्न चांगला आहे, उत्तर द्यायला हवं. भाकरी थापताना मनगट मागे वाकलेलं असतं, आणि तशा मनगटावर तुम्ही परातीवर आपटत असता. प्रत्येक थापेला सुजलेल्या सांध्यावर हातोडी. वल्ह्यात मनगट सरळ, मूठ सैल, काम खांद्याचं आणि पाठीचं. म्हणून एक जमत नाही आणि दुसरं जमतं. शास्त्र इतकंच. शिवाय या आजारात हालचाल बंद करणं हा उपाय नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली शिफारशीच काढल्या आहेत, की दाहक, म्हणजे माझ्यासारख्या सांधे सुजवणाऱ्या, संधिवाताच्या माणसांना व्यायाम सुरक्षित आहे आणि तो उपचाराचा भाग असावा.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या बाईंचं थोडं खरंही होतं. दिवसाला माझ्याकडे ताकद मोजकी असते. ती मी पाण्यावर घालवली तर संध्याकाळी भाजी नवरा चिरतो. हे मी निवडलेलं आहे, आणि त्याची किंमत घरातलं दुसरं कोणीतरी देतं. त्याबदल्यात रविवारी दुपारी तो क्रिकेटला जातो आणि मी ‘कधी येणार’ असा एकही फोन करत नाही. या दुसऱ्या भागाला त्याच्या मते जास्त किंमत आहे.

जास्त झालं की नाही हे कळायला सोपी खूण आहे: पाण्यातून आल्यावर दोन तासांनी दुखणं निघण्याआधीपेक्षा जास्त असेल, तर पुढच्या वेळी अंतर कमी. सांधा गरम आणि लाल असेल त्या दिवशी मुळीच नाही.

औषधांबद्दल फक्त माझ्यापुरतं. मी मेथोट्रेक्सेट घेते, आठवड्यातून एकदाच. ‘एकदाच’ हे मोठ्याने ऐका, ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. डबी पोरांच्या हाताला न लागेल अशा फळीवर. दुसऱ्या दिवशी मला मळमळतं, अंग गळून जातं, म्हणून डॉक्टरांना विचारून मी शनिवारची गोळी मंगळवारवर नेली. बुधवार तसाही फुकट गेलेला. धाकट्याच्या वेळी ही गोळी आधीच बंद केली होती, कारण गरोदरपणात ती चालत नाही, अंगावर पाजतानाही नाही. तेव्हा दुसरी औषधं होती. गंमत म्हणजे ते नऊ महिने माझे हात गेल्या कित्येक वर्षांत नव्हते इतके बरे होते. पुष्कळ जणींचं तसं होतं. आणि बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा सगळं व्याजासकट परत आलं. मूल हवं असेल तर हे आधी डॉक्टरांशी बोला, नंतर नाही.

या गोळ्यांनी ऊन जास्त बाधतं, म्हणून पूर्ण बाह्या. प्रतिकारशक्ती दबलेली असते, म्हणून पायात बूट: खडपावरच्या, म्हणजे खडकांना चिकटलेल्या, कालवांच्या शिंपांनी कापलं तर ती जखम आमच्यासाठी किरकोळ नसते.

गेल्या जानेवारीत मी संगमाजवळ उलटले. पाणी छातीएवढं खोल, लाट नाही, काहीच नाही. पण वर चढता येईना. कयाकवर परत चढायला दोन्ही तळहात दाबून अंग वर उचलावं लागतं, आणि नेमकं तेच माझं मनगट करत नाही. तीनदा घसरले. पर्यटकांची बोट चालवणाऱ्या एका पोराने उडी मारून मला ढकललं. त्या दिवशी कळलं, मी तीन वर्षं वल्हं मारायला शिकत होते, पडायला शिकलेच नव्हते.

(दोरीचा फास दाखवते.)

आता हा असतो. कयाकच्या मधल्या कडीला बांधलेला दोरीचा फास. पाण्यात पाय यात घालायचा, रिकिबीत घालतात तसा, आणि मांडीच्या जोरावर पोट कयाकवर टाकायचं. मग सरपटत, मासळीसारखं. दिसायला घाण दिसतं. ऑक्टोबरमध्ये मोसम सुरू झाला की पहिल्या दिवशी नवऱ्याला शेजारी उभं करून पाच वेळा हेच. शिट्टी जॅकेटला बांधलेली, फोन पाणबंद पिशवीत, त्यात तटरक्षक दलाचा 1554.

लेकीला मी दोघांच्या कयाकमध्ये पुढे बसवते, फक्त खाडीत, फक्त भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याला ओढा कमी असतो तेव्हा. वल्हं मारते म्हणजे माझ्यावर पाणी उडवते. तिच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा आहे, तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर आणि मूल खाली राहतं. त्याचं बक्कल दाबायला माझी बोटं कधीकधी चालत नाहीत. म्हणून तिलाच शिकवलं, उघडायला आणि लावायलाही, डोळे मिटून. धाकटा अजून काठावर. सगळ्यांना टाटा करतो आणि मग चप्पल पाण्यात फेकतो.

एक प्रश्न मला अजून सुटलेला नाही, आणि तो तुम्हाला विचारते. पंचवीस किलोची कयाक पुळणीवरून पाण्यापर्यंत कशी न्यायची? चाकांची गाडी आहे, पण सुक्या वाळूत चाकं रुततात. कोणी जाड फुग्यासारखी चाकं लावून बघितली असतील, तर सांगा. सध्या नवरा नेतो, आणि तो नसला तर सासरे आणि शेजारचे दोघं. त्या दोघांनाही आता तिथी पाठ झाली आहे.

उद्या द्वादशी. नऊला भरती. पावणेआठला पाण्यात.

हा डबा रात्री धुऊन झाकण नवरा लावतो. मी लावते म्हटलं होतं, तर म्हणाला, तू सैल लावशील.