टाय कोणाच्या पैशाची?

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय ‘पोशाखाची सक्ती आणि कामगार कायदे’. कायद्यावर येतोच. पण आधी टायवर बोलू द्या. ती बरीच वर्षं माझ्या डोक्यात आहे, त्याआधी गळ्यात होती.

आमचा कारखाना इथलाच, एमआयडीसीतला, प्लास्टिकचा. नाव सांगत नाही, मालकांचे व्याही पहिल्या रांगेत असायचे. तिथे मुंबईकडून नवे मॅनेजर आले. माणूस हुशार, पण आले जानेवारीत. जळगावचा जानेवारी बघून कुणी कसलाही निर्णय घेऊ नये. साहेबांनी परिपत्रक काढलं: ऑफिस, स्टोअर, डिस्पॅच, सगळ्यांना पूर्ण बाह्यांचा शर्ट, टाय, काळे बूट. गेटच्या आत डोक्याला रुमाल चालणार नाही. हे शेत नाही म्हणे!

मार्च निभावला. मग पारा पंचेचाळिसावर गेला. साहेबांच्या केबिनला एसी, डिस्पॅचवर पत्रा.

टाय ज्याची त्याने घ्यायची. आम्ही फुले मार्केटातून शाळेच्या गणवेशातल्या आणल्या, इलास्टिकच्या. त्यातली एक वॉचमनकाकांच्या ड्रॉवरमध्येच असे. निळ्यावर लाल पट्टे, गाठीखाली शेंगदाण्याच्या चटणीचा तेलकट डाग. विसरलेल्याने ती अडकवून आत यायचं, मस्टरवर सही करायची आणि खिडकीतून मागच्याला द्यायची. साहेब एकदा म्हणाले, “तुमच्याकडे सगळ्यांच्याच टायवर डाग कसे?”

डिस्पॅचला एक जण होता, अमळनेरकडचा, फटकळ. मे महिन्यात भर दुपारी साहेब ट्रकपाशी आले आणि त्याची गाठ सैल म्हणून झापायला लागले. पाच मिनिटांत साहेबच ओलेचिंब. हा शांतपणे अहिराणीत म्हणाला, “साहेब, टाय मना गयाम शे, घाम तुमले काबर सुटना?” म्हणजे, टाय माझ्या गळ्यात, घाम तुम्हाला का सुटला?

हसताय, पण त्या दिवशी त्याचा अर्धा रोज कापला. दिवसभर ट्रक भरले, तरी मस्टरवर अर्धा दिवस गैरहजर. हे ‘गैरहजर’ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनेही कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट नको म्हणून परिपत्रक काढलं होतं. २०२४ मध्ये शिक्षकांची पाळी आली. समोर बरेच गुरुजी दिसताहेत. तुमच्यासाठी वेगळं व्याख्यान ठेवा, मी येईन. चहा मात्र आजच्यापेक्षा बरा हवा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मग कायदा पळवतो.

कायद्याचं पोशाखाशी वैर नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमाचं कलम २२ काढून बघा. २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली, पण तत्त्व बघा. चालू यंत्राची तपासणी, तेलपाणी करणाऱ्याच्या अंगावर घट्ट कपडे हवेत, असं त्यात होतं. कारण उघड आहे: सैल टोक रोलरने ओढलं की मागोमाग हात जातो. आणि ते कपडे मालकाने पुरवायचे, हेही त्याच कलमात होतं. सक्ती करा, पण कारण दाखवा आणि खर्च सोसा, एवढंच माझं म्हणणं. आमच्याकडे तर लोंबती टाय घेऊन माणसं ग्राइंडरजवळून जायची!

दुसरं, नोटीस. शिस्तीचा नवा नियम आणायचा तर स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या कामाच्या लेखी नियमांत, तो आधीच नसेल तेव्हा कामगारांना २१ दिवसांची नोटीस लागते. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम ९अ होतं, २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. सुपरवायझर मंडळींनी आपण ‘कामगार’ या व्याख्येत बसतो का, ते आधी तपासावं.

तिसरं, ते ‘गैरहजर’. दंड म्हटला की त्या माणसाचं म्हणणं ऐकणं आलं, दंडाची नोंदवही आली, महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांची मर्यादा आली. १९३६च्या वेतन कायद्यापासून हे चालत आलंय. म्हणून दंड म्हणायचंच नाही! हजर माणूस गैरहजर दाखवला की काम झालं.

दुसरी चिठ्ठी. सेफ्टी बुटांचे पैसे पगारातून कापतात, तो मुद्दा राहिला. प्रश्नोत्तरांत विचारा, आणि कुणाकडे पगाराची स्लिप असेल तर पुढे घेऊन या.