पोच घेतली का?

(दृश्य: पहाटेचा अंधार. जंगलाच्या वाटेवर बायकांची रांग. डोक्याला फडकं, हातात बॅटरी.)

मे महिना. पहाटेचे चार वाजलेत, आणि पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतलं हे गाव उठून जंगलात गेलंसुद्धा. तेंदूपत्त्याचा हंगाम मोजक्याच दिवसांचा. ऊन तापायच्या आत पानं तोडायची, दुपारी घरात सावलीला बसून पुडे बांधायचे, एका पुड्यात 70 पानं, आणि सांजच्याला फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. लहान पोरंही मोजायला बसतात.

माझे विद्यार्थी इथं पोचले सकाळी दहाला. ग्रामसभेला वनहक्क कायदा समजावून सांगायला आले होते. त्यांना गावात भेटले दोन म्हातारे, काही शेळ्या आणि शाळेच्या पडवीत झोपलेला एक कुत्रा. मला फोन आला, "मॅडम, गावात कोणीच नाही."

मी म्हटलं, "आहेत ना दोघं. त्यांच्यापाशी बसा. बाकीचे कुठं गेलेत, ते विचारा."

(दृश्य: पडवीत म्हाताऱ्यांशेजारी बसलेली मुलं. हातातल्या वह्या कोऱ्या.)

मी विधी महाविद्यालयात पर्यावरण कायदा शिकवते आणि तिथलं क्लिनिक, म्हणजे लोकांना कायद्याची मदत करणारं केंद्र, चालवते. 'क्लिनिक' या शब्दानं पहिल्याच वर्षी आमचा घोटाळा केला. गावात टेबल टाकलं, मागं 'पर्यावरण विधी क्लिनिक' असा फलक लावला. पंधरा मिनिटांत एक आजी आल्या आणि त्यांनी लुगडं वर करून गुडघे दाखवले. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. एकीनं मात्र त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि गुडघे कधीपासून दुखतात म्हणून विचारलं. गुडघ्यावरून गोष्ट सरपणाच्या मोळीवर गेली, मोळीवरून लांब गेलेल्या वाटेवर, आणि वाटेवरून तिथं अडवणाऱ्या माणसावर. आमची पहिली पक्षकार ती आजी. फलक दुसऱ्या दिवशीच काढला.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण चित्रपटात वकील म्हणजे कोर्टात टेबलावर हात आपटणारा माणूस. मी कोर्टात उभी राहू शकत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे आणि आम्ही प्राध्यापक त्यात येतो. विद्यार्थ्यांकडं सनद नाही, म्हणजे तेही नाहीत. बार कौन्सिलच्याच 2008 च्या नियमांनी प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी साहाय्य क्लिनिक सक्तीचं केलं. पण ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली चालणारं हे क्लिनिक कोर्टाच्या दारापर्यंतच जातं. आत जायची वेळ आली, तर 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

सुरुवातीला याचा मला राग यायचा. आता वाटतं, बरं झालं. भाषण ठोकायची सोय नसली की माणूस कागद नीट करतो.

(दृश्य: वर्ग. फळ्यावर तारखांची उभी रांग.)

तर कागद. 2006 चा वनहक्क कायदा. गावानं पिढ्यान्‌पिढ्या ज्या जंगलाची राखण केली, वापर केला, त्यावर सामूहिक हक्क मागायचा असेल, तर दावा भरायचा 'नमुना क' मध्ये. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून. पुढं उपविभागस्तरीय समिती, मग जिल्हास्तरीय समिती. वर्गात हे दहा मिनिटांत होतं.

मग पहिल्या वर्षीची एक तुकडी सात पानांचा मसुदा घेऊन आली. इंग्रजीत. घटनेचं कलम 21, कलम 48 अ, सर्वोच्च न्यायालयाचे अर्धा डझन निकाल, सगळं जागच्या जागी. मी विचारलं, "हे ग्रामसभेत वाचून कोण दाखवणार?" कोणी बोललं नाही. "बरं, यात बोडी, म्हणजे गावचं तळं, कुठं आहे? मोहाची झाडं कुठं आहेत?" एकानं मान खाली घालून सांगितलं, "मॅडम, 'नॅचरल रिसोर्सेस' असं लिहिलंय." मसुदा चुकीचा नव्हता. फक्त त्या गावाचं नाव काढून दुसऱ्या कुठल्याही गावाचं घातलं असतं, तरी चाललं असतं.

तेव्हापासून आमच्याकडं एक रिवाज आहे. गावातून परत येताना बसमध्ये प्रत्येकानं वहीत लिहायचं: आज कोणता शब्द कानावर पडला आणि कळला नाही? गुण या वहीला आहेत. बोडी, टोर, गोहन, पांधण. आणि एका मुलीनं लिहून आणला तो शब्द, ज्यानं पुढं सगळी केस उभी केली: निस्तार.

(दृश्य: लोखंडी पेटी उघडते. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद.)

निस्तार म्हणजे गावाची रोजची गरज. सरपण, बल्ली (लाकडी बल्ल्या-खांब), गवत, गुरांची चराई, कुंपणाच्या काट्या. पूर्व विदर्भ मध्य प्रांतात होता, तिथं मालगुजारी, म्हणजे जमीनदारीसारखी पद्धत, होती. 1951 साली मालगुजारी संपली, जंगलं आणि तलाव सरकारकडं गेले. पण गावकऱ्यांचा वापर काही थांबला नाही. तो नोंदलेला राहिला निस्तारपत्रकात. आपल्या जमीन महसूल संहितेत, 1966 च्या, कलम 161 निस्तारपत्रकाचं आहे आणि 165 'वाजिब-उल-अर्ज'चं, म्हणजे पाणी, वाट, मासेमारी अशा वहिवाटींच्या नोंदीचं. सातबारा मागायला सगळेच जातात. निस्तारपत्रक मागायला क्वचितच कोणी जातं. आमची मुलं तहसीलच्या अभिलेख कक्षात गेली, तर त्यांना आधी विचारलं गेलं की हे असतं काय.

आणि ते इतकं महत्त्वाचं का? या गावात गोंड आहेत, तसे ढिवर आहेत, कुणबी आहेत. जे आदिवासी नाहीत, त्यांना कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणतात आणि त्यांच्यासाठी अट आहे: 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, इथं राहून जंगलावर जगल्याचं दाखवा. 75 वर्षांपूर्वीचा कागद कुठल्या झोपडीत राहणार? पावसात गेला, वाळवीनं खाल्ला. मात्र नियम 13 मोठा समजूतदार आहे. सरकारी नोंदी चालतात, तसंच म्हाताऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं कथनही चालतं. विहीर, स्मशान, देवस्थान अशा खुणाही पुरावा ठरतात.

म्हणून आम्ही शिवारात फिरलो. पुढं एक काकाजी, हातात काठी, मागं आमची मुलं मोबाईलवर जागा टिपत. काकाजी थांबले, शेंदूर लावलेल्या दगडापाशी. "हा वाघोबा. आमची शीव इथं सरते." शंभर पावलांवर वनखात्याचा सिमेंटचा खांब होता. एका मुलानं विचारलं, "मग खरी हद्द कोणती?" काकाजींनी त्याच्याकडं असं पाहिलं, जसं काही त्यानं स्वतःच्या आजीचं नाव विचारलंय. नकाशावर आम्ही दोन्ही दाखवल्या. दगडाखाली लिहिलं: 'गावाची शीव, वाघोबा, ग्रामस्थांच्या कथनानुसार.'

(दृश्य: समाजमंदिर. सतरंजीवर बसलेले लोक. बायका मागच्या भिंतीशी.)

आता माझी चूक. ही न सांगता फिल्म पुढं नेणं बरं नाही.

दावा मंजूर करायची पहिली ग्रामसभा भरली. 2012 च्या दुरुस्तीनंतर नियम असा, की गावातल्या प्रौढांपैकी निम्मे तरी हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. त्या दिवशी कोरम पुरा होता. माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी उठला आणि कायदा सांगायला लागला. चांगला बोलत होता. 1927 चा वन कायदा, 1980 चा वन संवर्धन कायदा, मग 2006. मला त्याचा अभिमान वाटत होता आणि मी त्याला थांबवलं नाही. चाळीस मिनिटं झाली. साडेसहा वाजले. मागच्या भिंतीशी बसलेल्या बाया एकेक करत उठल्या. चुली पेटवायच्या होत्या, पोरं रडत होती. ठरावाची वेळ आली तेव्हा गणती केली, तर माणसं सतरानं कमी.

ठराव झाला नाही. कोणी आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. वनहक्क समितीतली एक बाई जाताना मला म्हणाली, "मॅडम, पोरगा हुशार हाय. पन आमाले सांगासाठी आला का आयकासाठी, थे तं समजलंच नाई."

परतीच्या बसमध्ये तो मुलगा खिडकीकडं तोंड करून बसला होता. त्याला समजावायला मी गेले नाही. त्याच्या वहीचं पान रात्री वाचलं, त्यावर एकच ओळ होती: 'साडेसहाला चूल.' त्याला मी त्या सत्रातले सर्वाधिक गुण दिले. विभागात त्यावरून थोडी कुरबूर झाली, ती झाली.

शिकवणाऱ्यानं गप्प कधी बसायचं आणि विद्यार्थ्याला गप्प कधी बसवायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मला जमत होती.

(दृश्य: चंद्रपूरकडं जाणारा रस्ता. कोळशाचे ट्रक. झाडांच्या पानांवर धूळ.)

क्लिनिकचं सगळंच काम जंगलाचं नसतं. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा आहे, औष्णिक वीज आहे; 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातले अतिप्रदूषित औद्योगिक पट्टे जाहीर केले, त्यात चंद्रपूर वरच्या क्रमांकांत होतं. इथं लोकांच्या कानावर पडणारा शब्द म्हणजे 'जनसुनावणी': खाणीसारख्या प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायची बैठक. 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणं सुनावणीआधी किमान 30 दिवस नोटीस लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत लागतो, संपूर्ण कामकाजाचं चित्रीकरण लागतं. इथं कोरमची अट नाही. दोन माणसं आली तरी सुनावणी झाली म्हणायची. ग्रामसभेला निम्मं गाव आणि खाणीला कोरम नाही, हे मुलांना कळतं तेव्हा वर्गात जी शांतता होते, ती मला आवडते.

आम्ही वर्गात लुटुपुटूची सुनावणी घेतो. एक जण अध्यक्ष, एक कंपनीचा सल्लागार, बाकीचे गाव. अट एकच: गाव झालेल्यानं 'विरोध आहे' म्हणून खाली बसायचं नाही. कोणत्या विहिरीचं पाणी, कोणत्या महिन्यात, किती घरं, तेवढं बोलायचं आणि तेच लेखी द्यायचं. तोंडी बोलणं मंडपाबरोबर उठतं. मंजुरी मिळाली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत 30 दिवस, सबळ कारण असेल तर आणखी 60. त्यानंतर दार बंद. आपल्यासाठी ते दार पुण्यात आहे, म्हणजे रात्रभराची गाडी. फळ्यावर मी तारखा लिहिते आणि एकेकाला उठवून दिवस मोजायला लावते. विधी शाखेचं शिक्षण घेतलेली पोरं बोटांवर मोजतात आणि चुकतात.

(दृश्य: कपाटातली जाडजूड नोंदवही. मुखपृष्ठावर पाच तुकड्यांची वर्षं.)

अजून एक दुखणं. सत्र सहा महिन्यांचं, गावाचं काम सहा वर्षांचं. दर जुलैत नवी मुलं. एका काकाजींनी ऐकवलंच, "दरसाली नवे पोट्टे येते अन् तेच इचारते. आमी का परीक्षा देऊन राह्यलो?" त्यानंतर ही वही आली. जाणाऱ्या मुलानं येणाऱ्याला सोबत गावात नेऊन ओळख करून द्यायची, काय विचारून झालंय ते लिहून द्यायचं, सही करायची. वहीची दुसरी प्रत गावात.

ही कल्पना माझी नाही म्हणायला हरकत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावानं 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, देशात अगदी सुरुवातीला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना माहीत असते. पण मुलांना मी तिथलं दुसरं काही दाखवायला नेते: अभ्यासगट. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामात अभ्यास आधी, निर्णय नंतर, आणि निर्णय सर्वसहमतीनं. बाहेरच्यानं माहिती द्यायची, ठरवायचं गावानं. विद्यापीठाच्या पुस्तकी भाषेत याला बरंच लांबलचक नाव आहे.

(दृश्य: तेच समाजमंदिर. भर दुपार. बायका पुढच्या रांगेत.)

दुसरी ग्रामसभा बायांनी ठरवलेल्या वेळेला झाली. तेंदू संपल्यावर, धानाच्या रोवणीच्या आधी, दुपारी दोनला. आमचा हुशार मुलगा हजेरीच्या सह्या आणि अंगठे घेत दारात बसला होता. ठराव वाचला समितीतल्या त्याच बाईनं. अडखळत, एकेक शब्द लावत. 'निस्तार' शब्द आला तिथं ती थांबली नाही. मधे कोणीतरी उठून बोडीचं नाव चुकल्याचं सांगितलं. खोडून, दुरुस्त करून, पुन्हा वाचलं. दीड तास लागला. मी मागच्या भिंतीशी होते.

(दृश्य: उपविभागीय कार्यालय. खिडकी. कागदांचा गठ्ठा.)

दावा द्यायला गावातले सहा जण गेले, आमचे दोघं सोबत. खिडकीपलीकडून उत्तर आलं, "ठेवून जा, साहेब बघतील." माझ्या विद्यार्थिनीच्या तोंडावर शब्द आले होते, ते तिनं गिळले. समितीची बाई खिडकीशी सरकली.

"ठेवतो ना भाऊ. पोच द्या."

वीस मिनिटं गेली. शिक्का बसला, तारीख पडली.

(दृश्य: संध्याकाळ. घराची ओसरी. लोखंडी पेटी उघडी.)

पोचपावती निस्तारपत्रकाच्या नकलेवर ठेवली, वरून प्लास्टिक गुंडाळलं. विद्यार्थिनीनं विचारलं, "मावशी, आमच्या फाईलसाठी ही घेऊन जाऊ का? उद्या परत देते."

बाईनं पेटीचं झाकण हातानं धरून ठेवलं.

"फोटू काढून घे माय. कागद इथीच राहीन."